एवारिस्तोचा मंगळवार

३० जानेवारी, मंगळवार

एवारिस्तोनं आज पुन्हा तेच काढलं. "बाई, माझ्या बैठकीचा मंगळवार बदलून द्या ना. दुसरा कुठलाही वार चालेल." अकरा वर्षांच्या उपचारांत चौथ्यांदा! वेळ बदलून मागणं म्हणजे स्वतःपासून पळ काढणं — हे मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. मी नेहमीचंच विचारलं, "मंगळवार म्हटलं की मनात काय येतं?" कोचावर पडल्या पडल्या तो म्हणाला, "लिफ्ट."

बघा! त्याच्या मुलीचं, हिमेनाचं घर चौदाव्या मजल्यावर. गुडघ्यांना जिना झेपत नाही आणि लिफ्टच्या दारात याला घाम फुटतो. नातू आठ महिन्यांचा झाला, आजोबांनी फक्त फोटोत पाहिलाय. चार एप्रिलला ती नवऱ्या-पोरासकट कायमची स्पेनला चाललीय. घाई आहे, मान्य. पण मूळ सापडल्याशिवाय भीती जात नाही आणि मूळ त्याच्या बापात आहे. आपण जवळ आलोय. मला खात्री आहे.

८ फेब्रुवारी

उन्हाळी सुट्टी, समुद्र. दरवर्षीप्रमाणे ब्वेनोस आयरेसचे सगळे मनाचे डॉक्टर इथेच — दर तिसऱ्या छत्रीखाली आमचाच धंदा. रुग्ण बिचारे महिनाभर वाऱ्यावर!

मार्चच्या व्याख्यानाची टिपणं काढतेय : उपचारांचे चार पंथ. आम्ही भूतकाळ खणणारे. गृहपाठ देणारे. रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावणारे. आणि प्रेमानं नुसती मान डोलावणारे. पोरं विचारणार, सगळ्यात चांगला कुठला? मी न लाजता सांगणार — आमचा.

४ मार्च

परतले. समोरच्या खोलीतला तादेओ दारातच भेटला. माझाच जुना विद्यार्थी, आता गृहपाठवाल्यांत गेलाय, फेब्रुवारीतही सुट्टी घेत नाही. हातात 'माते' या आमच्या कडू चहाचा पेला, तोंडभर हसू.

"बाई, तुमचा एवारिस्तो माझ्याकडे आला होता. त्यानंच सांगायला सांगितलंय. सहा बैठका! रोज एक मजला. लिफ्टनं चौदाव्यावर गेला!"

"मलम लावलंस, काटा तसाच आहे," मी म्हटलं.

"काट्यासकट नातवाला भेटला की!"

गधडा. पण मनात काहीतरी टोचलं, खोटं कशाला लिहू?

५ मार्च, मंगळवार

पाच वाजले. एवारिस्तो आला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

११ मार्च, सोमवार

आज अचानक आला. कोचावर आडवा झाला नाही, खुर्ची ओढून समोर बसला. मी कोचामागे बसणारी, तोंड बघायची सवयच नाही मला त्याचं — गालावर खळी पडते!

मी म्हटलं, "म्हणजे तादेओ जिंकला."

"छे हो! पाचव्या मजल्यापुढे त्याच्याबरोबर कधी गेलोच नाही. तो मनाचं सांगतो."

मग सगळं सांगितलं. हिमेना उपाहारगृहात स्वयंपाकीण. आठवड्यात मंगळवारची चार ते सहा एवढीच मोकळी. तिनं कितीदा बोलावलं — बाबा, मी खाली येते, कोपऱ्यावर कॉफी घेऊ. हा म्हणायचा, "माझी बैठक असते." आमच्या शहरात बैठक म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. शेवटी तिनं रागानं बोलावणंच सोडलं. फेब्रुवारीत मी नव्हते. मंगळवार मोकळा. यानं आपणहून फोन केला. ती खाली आली, बाळ याच्या हातात दिलं. तिसऱ्या मंगळवारी त्याला कडेवर घेऊन हा लिफ्टनं वर गेला. "पोरगं मिशा ओढत होतं हो. घाबरायला वेळच मिळाला नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"चारदा वार बदलून मागितला, बाई. कारण तुम्ही विचारलं नाहीत. आणि सांगितलं असतं तर त्याचाही अर्थ काढला असतात."

मला रडू आलं. त्याच्यासमोर! त्यानंच रुमाल दिला.

१४ मार्च

व्याख्यान झालं. पोरांनी विचारलंच, सगळ्यात चांगला पंथ कुठला? म्हटलं, आधी रुग्णाला विचारा, मंगळवारी काय असतं.

टाळ्या पडल्या. मी पुन्हा तोऱ्यात घरी!

९ एप्रिल, मंगळवार

पाच वाजता बेल वाजली. दारात एवारिस्तो, टोपी हातात. हिमेनाला स्पेनला जाऊन पाच दिवस झालेत.

"बाई, आता मंगळवार मोकळाच असतो."