क्वाड बाइक, डेव्हिएशनवर पास

१४ जून
क्वाड बाइक आली! लाल, जाड टायर, दिसायला रणगाड्याची धाकटी बहीण. इम्पोर्टेड, तरी स्वस्त. विकणाऱ्याला वाटलं असेल गिऱ्हाईक भोळं आहे. त्याला काय ठाऊक, सिल्वासाजवळ मसाटला प्लास्टिकच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल मी बघतो.

माझी बायको रजनी शिकवते ती शाळा खानवेलच्या पुढे, चढावरच्या पाड्यात. गेल्या पावसाळ्यात त्या चिखलात तिची स्कूटी घसरली आणि हात प्लॅस्टरमध्ये गेला. तेव्हाच शब्द दिला होता की पुढच्या पावसाळ्यात त्या चढावर तुला त्रास होणार नाही. स्कूटी विकून टाकली. चार चाकं असल्यावर घसरायचं कसं? रजनी म्हणाली, स्कूटी थोडे दिवस राहू दिली असती. बायकांना जुन्या वस्तूंचा फार लळा असतो.

इंटरनेटवर लोक चार दिवस गाडी चालवून रिव्ह्यू लिहितात. मी वर्षभर चालवणार, मग लिहिणार. लाँग टर्म. डॅशबोर्डवर कंपनीतलं हिरवं ओके स्टिकर लावलं.

१६ जून
टोकरखाड्याच्या नाक्यावरच हवालदाराने अडवलं. नंबर प्लेट विचारली. म्हणाला, हिला रोडचं पासिंगच नसतं, ही शेतात फिरवायची वस्तू. मी बिल, वॉरंटी, पॅकिंग सगळं तपासलं होतं. पासिंग हा आरटीओचा विषय, क्वालिटीचा नाही.

खालच्या मजल्यावरच्या कल्पेशचा छोटा टेम्पो आहे. त्याला बोलावलं. तो म्हणाला, काका, तुमी गाडी घेतली की सामान? मी हसलो नाही.

नवीन प्लॅन, जुन्यापेक्षा चांगला. क्वाड खानवेलला राहील, कमळाबाईंच्या अंगणात. (शाळेत खिचडी त्याच करतात.) रजनीने खानवेलपर्यंत बसने जायचं, पुढचा चढ क्वाडवर. चढावर हवालदार नाही.

२३ जून
खानवेलला रजनीला शिकवलं. चेन जरा सैल, हँडलचा एक बोल्ट आपोआप फिरतो. हिरवं स्टिकर काढून पिवळं लावलं.

रजनीला पिवळ्याचा अर्थ समजावला. माल थोडा चुकलेला असतो, पण पार्टी घाई करत असते. अशा वेळी रिजेक्ट करायचं नाही, डेव्हिएशनवर पास करायचं. म्हणजे खोट आहे, आम्हाला माहीत आहे, तरी चालवून घेतो. त्यावर सही लागते. कंपनीत ती सही माझी असते, हेही सांगितलं. रजनी म्हणाली, आलं लक्षात.

२४ जून
रजनीचा फोन. सेल्फ लागत नाही. चढ चालत गेली. पहिलाच दिवस आहे, मशीनला वातावरणाची सवय व्हायला हवी.

७ जुलै
बॅटरी बदलली. सेल्फ लागला! मग क्लच गेला. रिव्हर्स मात्र अप्रतिम. सीटवर कमळाबाईंची कोंबडी बसलेली असते, उठवली की चोच मारते. कमळाबाई म्हणाल्या, राहू द्या भाऊ, कोणाच्या तरी कामाला येते.

डेव्हिएशन.

२१ जुलै
क्वाड टेम्पोतून सिल्वासाला. मेकॅनिकने झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं. म्हणाला, याचा पार्ट इकडे भेटत नाही. पार्ट मी आधीच परदेशातून मागवला होता. आला, तो दुसऱ्याच मॉडेलचा. कानशीने घासून बसवला. मनात आणलं तर काय अशक्य आहे! क्वाड टेम्पोतून खानवेलला.

रजनीच्या चपलेचा अंगठा तुटला. चिखलात ओढ बसते म्हणे. चपलांची क्वालिटी हल्ली फार घसरली आहे.

२ ऑगस्ट
दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन. शाळेत झेंडावंदन, म्हणून मुद्दाम मी गेलो. रजनीला मागे बसवून चढ चढवला. निम्म्यावर चेन उतरली आणि क्वाड आपल्या आवडत्या दिशेने, म्हणजे मागे, निघाली. सगळी शाळा वरून बघत होती. रजनी उतरली, साडी खोचली, आणि वेळेत झेंड्यापाशी पोचली. मी राष्ट्रगीताला उतारावरच सावधान उभा राहिलो.

निम्म्या चढाचा शब्द तरी पाळला.

८ सप्टेंबर
पुढचं प्लास्टिक तडकलं. सायलेन्सरला गंज. पिवळी स्टिकरं संपत आली, कंपनीतून नवा रोल आणावा लागेल. रजनी हल्ली क्वाडबद्दल काहीच विचारत नाही. विश्वास बसला असावा.

११ ऑक्टोबर
उद्या दसरा. वाहनपूजेला क्वाड घरी हवीच. सुट्टी टाकून कल्पेशला घेऊन खानवेलला गेलो. क्वाड ढकलत टेम्पोत चढवली. (कोंबडीला खाली उतरवलं. नाराज झाली.) स्टॉपवर रजनी बसची वाट बघत उभी. म्हटलं, चल, आज मी नेतो.

पुढे एकच जागा, ती रजनीला दिली. मी मागे, क्वाडवर बसलो. दोरखंडाने बांधलेली, त्यामुळे पकड उत्तम. हेल्मेटही घातलं. रस्त्याने पोरं हात करत होती. क्वाडवरून रजनीला घरी आणायचं होतं, एका अर्थी आणलंच.

घरी तिने चप्पल काढली. टाचांना भेगा, त्यांत लाल माती, धुऊनही न निघणारी. पावसाळाभर ती चढ चालत होती. मी त्या टाचा आजच पाहिल्या. फार वाईट वाटलं. तिला म्हणणार होतो, पण ती कणीक मळायला बसली.

१२ ऑक्टोबर
दसरा. रजनीने झेंडूचा हार आणला. मी क्वाड पुसून पुढे उभा. ती आमच्यावरून पुढे गेली आणि हार कल्पेशच्या टेम्पोला घातला. म्हणाली, घरी आणलं ते याने. क्वाडच्या चाकाखाली लिंबू मात्र ठेवलं. ते चिरडायला क्वाड पुढे सरकली नाही, म्हणून रिव्हर्स घेतला.

मग सांगितलं, शाळेतल्या रोहिणीबाई स्कूटी विकताहेत, तिने ठरवली आहे. खानवेलपर्यंत बस नको, पुढे चिखल असेल तेव्हा ती बघून घेईल. मी लगेच म्हटलं, थांब, घेण्याआधी मी एकदा चेक करतो. ती म्हणाली, नको. या घरात डेव्हिएशनवर पास केलेला एक नग आहे, तेवढा पुरे. इतकी वर्षं सही मीच करते आहे.

कल्पेश तोंडावर रुमाल धरून टेम्पोमागे गेला.

क्वाडबद्दलच म्हणाली असणार. पण क्वाडची सही तर माझी होती.