मापाची उशी

३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी ह्याच्यासमोरच विचारलं — "आणि नवरा-बायको म्हणून कसं चाललंय?" मी म्हटलं, "ठीक." हा पंख्याकडे बघत बसला! आमवाताचं हे पाचवं वर्ष, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बाई मग शाळेत शिकवावं तसं सांगत सुटल्या. गोळीचा असर असेल तेव्हा. गरम पाण्याची अंघोळ झाल्यावर. गुडघ्याखाली उशी घेऊन. माझे कान तापले.

४ मार्च
हा सोफे-गाद्या शिवतो. आज कामावरून टेप घेऊनच आला.
"किती उंच हवी?"
"काय?"
"उशी गं!"
हसावं की रडावं! पण वाकून त्याने गुडघ्यापाशी टेप धरली आणि कितीतरी महिन्यांनी त्याचा हात तिथे लागला. बरं वाटलं. अजून थोडा वेळ राहिला असता तर... पण हा आकडा पुटपुटत उठला आणि चहा टाकायला गेला.

७ मार्च
उशी आली. कडेला गोट, शिवण सुरेख. पलंगावर ठेवलीय. दोघंही तिच्याकडे बघत नाही.

८ मार्च
फोनवर ताई — "अगं, बोल ना त्याच्याशी!" काय बोलू? मागे एकदा मी कळवळून ओरडले, तेव्हापासून हा पलंगाच्या काठावर निजतो. पडेल एखाद दिवशी! मला दुखेल म्हणून घाबरतो, की कंटाळलाय? गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं फुगलंय. आरशात मीच मला परकी वाटते, त्याला काय वाटत असेल! आणि मला तरी तो हवाय, की नुसता कुणाचा तरी हळुवार हात? डोकं चालत नाही.

१० मार्च
आजही मी ह्याला विचारलं नाही.

१५ मार्च
नवीन इंजेक्शन सुरू. चष्म्याच्या दुकानात दिवसभर बारके स्क्रू बोटांतून निसटत होते. मालक काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

२१ एप्रिल
बोटं वळतायत! फ्रेमचे स्क्रू माझे मी बसवले. मालक म्हणाले, "वा!" घरी सांगितलं तर ह्याचे डोळे भरले. "खरंच?" म्हणाला. मग दोघंही उगाच धुतलेली भांडी पुन्हा पुसत बसलो.

२४ एप्रिल
आज अंगात कुठेच दुखत नाही. तो हवाय की नुसता हात, ते मात्र अजून कळत नाही. संध्याकाळी ह्याने हळूच जवळ घेतलं.
"नको, दुखतंय," मी म्हणाले.