किंचित मागे

२ नोव्हेंबर
हिशेब मांडला तर समुद्रावरचा सूर्यास्त मला एका चालत्या फोटो-स्टुडिओला, डाव्या गुडघ्याला आणि बायकोच्या अबोल्याला पडला. तरी सौदा फायद्याचाच! खोली झकास आहे: एकच खिडकी, थेट पश्चिमेला, दार मागच्या अंगाला. घरमालकीणबाई एकट्याच. नवरा समुद्रात गेला, हे त्यांनी किल्ली देता देता सांगितलं. शिवाय बजावलं की कड्यावर बोलायचं नाही, हातांनी खुणा करायच्या. तिथे बोललेलं 'तो' ठेवून घेतो. मी म्हटलं, घेऊ दे, माझी बडबड फुकटच असते. बाई हसल्या नाहीत.
लग्नांच्या गोंगाटात तयार झालेले कान आहेत माझे. डोळे मिटूनही सांगेन, नवरीची आई बोलली की मावशी. हे कान कधी फसायचे नाहीत.

४ नोव्हेंबर
कडा म्हणजे काळा, तुटका, शेवाळलेला खडक. पाणी आता निवांत वाटतं, तर पुढची लाट गुडघ्यापर्यंत. टोकावर दोघे मासेमार उभे होते, मागे तांबडा गोळा. सवयीने ओरडलो, "किंचित मागे! बस्स! हसा!" हसतात कसले, धावत येऊन एकाने माझं तोंडच दाबलं. खडक ओलांडल्यावर मग म्हणाला, काका, जीभ आवरा की जरा.
एक नवल: एवढे कडे, पण प्रतिध्वनी नाही. आवाज गेला तो गेलाच. आणि सूर्य टेकला की घराघरांत रेडिओ मोठे होतात. सगळं गाव बहिरं आहे की काय!

६ नोव्हेंबर
कड्यावर एकटाच होतो. सूर्य पाण्याला टेकला आणि खालून स्पष्ट ऐकू आलं, "किंचित मागे."
माझाच आवाज. शेवटचा हेलसुद्धा माझाच.
बाईंना सांगितलं. त्यांनी रेडिओचा आवाज आणखी वाढवला. मग म्हणाल्या, शेवटच्या दिवशी नवऱ्याने तिथूनच हाक दिली होती, "आलो गं." अजून रोज संध्याकाळी देतो. म्हणून रेडिओ.

७ नोव्हेंबर
बायकोचा फोन. अबोला सुटला, उद्या येते म्हणाली. येऊ नको म्हटलं, तर विचारते, का हो, तिकडे कुणाचे फोटो काढताय?

८ नोव्हेंबर
आली. सगळं सांगितलं, पोट धरून हसली. म्हणाली, जन्मभर परक्या बायकांचे काढलेत, माझा एक काढा. कड्यावरही तिचं "अहो, ऐकलंत का" थांबेना. मी ओठांवर बोट ठेवत होतो.
तिला टोकापासून लांब उभं केलं. कॅमेरा तोंडाशी. हाताने खुणावलं, पुढे ये.
"किंचित मागे."
मी नाही बोललो. ती सरकली. जन्मभर तोच शब्द ऐकत आलेली, वळून कशाला बघेल —
"किंचित मागे."
ओरडायला हवं होतं. मी ओठ मिटून हात हलवत राहिलो. तिला वाटलं असेल, मागेच सरकायला सांगतोय —
"बस्स" कुणी म्हटलंच नाही.

९ नोव्हेंबर
होड्या फिरल्या. एक चप्पल. ती नाही. मासेमार म्हणतो, कधीकधी पाण्याची ओढ लांब किनाऱ्याला नेऊन टाकते, जिवंतही. बाईंनी त्यांचा रेडिओ माझ्या खोलीत आणून लावला.

१० नोव्हेंबर
सूर्य टेकला. रेडिओ बंद केला मी. ती आली तर ऐकू यायला हवं.
दाराशी —
"अहो, ऐकलंत का?"
वाचून आली असेल तर भिजलेली असेल, कुडकुडत असेल. दार हललं. वाराही असेल. खिडकीतून नुसता समुद्र दिसतो, दार दिसत नाही. विचारलं, कोण? पुन्हा तेच. तसंच. ती दमली की असंच —
तीच आहे. नाही —
आईचा आणि मावशीचा आवाज ओळखणारे कान. बायकोचा ओळखता येत नाही.
"अहो, ऐकलंत —"
कडी काढतो