गाण्यांचा क्रम बदलू नये

मी, दयानंद वसंतराव निटुरे, वय छप्पन्न, राहणार लातूर, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी ‘गंज’ या हेवी मेटल बँडमध्ये गातो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही; त्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात हैदराबादला ठरली आहे. म्हणून कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण समजून-उमजून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी असे काही केलेले नाही.

कलम १. औसा रोडवरचे दोन खोल्यांचे घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी भाची तनुजा, राहणार देगलूर, हिला मिळावे. मी लग्न केले नाही, त्यामुळे हक्क सांगायला दुसरे कोणी येणार नाही. घरात तिला फार शांत वाटेल. मलाही वाटते, आणि ते मला आवडत नाही. मी स्वयंपाकघरात रेडिओ चालू ठेवतो, तिनेही ठेवावा.

कलम २. बँकेतली ठेव बहीण सिंधु हिला. आमच्या गाण्याला ती आजही ‘बोंबलणं’ म्हणते, पण प्रत्येक कार्यक्रमाआधी घशासाठी ज्येष्ठमध तिच्याकडूनच येतो.

कलम ३. लाल गिटार मुकुल यास. मुकुल आमचा जुना गिटारवादक, आता पुण्यात असतो. ‘‘तू सरकारी हापिस झालास, दयानंद. तीच फाईल, तोच शिक्का,’’ असे म्हणून तो बँड सोडून गेला. त्यानंतर आमचे बोलणे नाही. दिवाळीला मी त्याचा नंबर काढतो आणि फोन परत ठेवून देतो.

त्याचे भांडण एवढेच होते, की आम्ही वर्षानुवर्षे तीच गाणी त्याच क्रमाने का वाजवतो. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो, की घसा तापल्याशिवाय उंच स्वर लागत नाहीत, म्हणून ती गाणी मागे. मधले लांबलचक वाजवण्याचे गाणे गायकाला दम खाता यावा म्हणून. आणि उदगीरहून एसटीने आलेल्या पोराला शेवटी त्याचे आवडते गाणे मिळाले नाही, तर तो शिव्या घालत घरी जातो. ही सारी कारणे खरी आहेत. जगातले म्हातारे मेटल बँड याच कारणांनी तेच ते वाजवत असावेत. आमचे खरे कारण मात्र वेगळे होते.

कलम ४. आमचा ड्रमर अमरेश बिराजदार, मूळचा निलंग्याचा, याला जवळजवळ ऐकू येत नाही; समोरच्याचे ओठ वाचून तो निभावतो, आणि हे मला कळले आहे, हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या हातांना क्रम पाठ आहे. कोणत्या गाण्यामागून कोणते, हे ठरलेले असले की तो चुकत नाही. सुरुवात कधी करायची, ते मी सांगतो. त्याचे ड्रम लाकडी फळ्यांवर मांडलेले असतात, त्या फळीवर मी टाच आपटतो आणि ठोका त्याच्या बैठकीपर्यंत पोचतो. लोकांना ती माझी स्टाईल वाटते, आणि अमरेशलाही तसेच वाटते, असे मी धरून चालतो.

नांदेडच्या कार्यक्रमात मुकुलने ऐनवेळी दुसरेच गाणे सुरू केले. अमरेश ठरलेले वाजवत राहिला. लोक हसले. नंतर तो टेम्पोत एकटाच बसला होता. म्हणाला, ‘‘काड्या निसटल्या रं.’’ मी म्हणालो, ‘‘हाव, निसटल्या.’’ त्या दिवसापासून क्रम पक्का झाला.

मुकुलला हे सांगितले नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता सांगतो. गिटार भिंतीला टांगायला दिलेली नाही. त्याने बँडमध्ये परत यावे, तोच क्रम वाजवावा आणि या कलमाबद्दल गप्प राहावे. अमरेश ड्रमवर आहे तोवर क्रम बदलू नये. हे कलम अमरेशला कदापि दाखवू नये.

कलम ५. माझे काळे जड बूट बास वाजवणारा बजरंग, राहणार रेणापूर, यास. माझ्यामागे टाच त्याने मारावी.

कलम ६. अमरेशच्या नावे काहीच नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असा वकीलबाई अॅड. अक्षरा देशमाने यांचा सल्ला आहे, आणि माझ्या सहीला साक्षीदार म्हणून मला तोच हवा होता. इतक्या जवळचे दुसरे कोणी नाही.

सह्यांपूर्वी हा मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, मान खाली घालून. एकदा तरी त्याच्या समोर हे बोलायचे होते. अमरेशने मान डोलावली.

सही: दयानंद वसंतराव निटुरे
साक्षीदार: १. अमरेश बिराजदार २. किशनराव टेकाळे (शेजारी)
ठिकाण: लातूर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर, माझ्या हस्ताक्षरात:

सही करून अमरेश उठला. टेबलावर बूट होते, त्यांना बजरंगच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. ती वाचून तो म्हणाला, ‘‘बूट बजरंगला द्यायलास का? त्याचा पाय लई हलका हाय. मला कळायचं न्हाई.’’

मी कलम ४ चा कागद त्याच्या हातात दिला. किशनरावांनी पाणी दिले.

सबब, कलम ४ अमरेशला दाखवू नये, ही अट रद्द. त्याने ते आत्ता माझ्यासमोर वाचले आहे. बूट तूर्त माझ्याच पायात राहतील.

सही: दयानंद निटुरे
साक्षीदार: अमरेश, किशनराव