ट्रॉलीवर चढायची तयारी

८ एप्रिल २०१६, पहाटे
वय एकसष्ट. मोंढ्यातलं धान्याचं आडत दुकान मुलाकडं दिलंय. १ मेला उदगीर जिल्हा मागणीचा मोर्चा. भाषण माझं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून. मागच्या सभेत शेजारच्या ईश्वरप्पाला चौघांनी ढकलून वर चढवलं. शोभत न्हाई. मी स्वतः चढणार. डॉक्टर म्हणाले, या वयात नुसतं फिरून भागत न्हाई, सगळ्या अंगात ताकद पाहिजे. उद्यापासून सुरू.

९ एप्रिल
ट्रॅकसूट आणला. आज फक्त घालून बसलो. सवय पाहिजे.

१२ एप्रिल
बैठका मारल्या. खाली जाणं उत्तम. वर यायला खाट धरली. बायको गंगम्मा टँकरवरून हंडा-कळशी घेऊन आली. म्हणाली, अवो, कळशी तरी धरा. सांगितलं, मधेच थांबलं की मसल थंड पडतात.

१७ एप्रिल
व्यायामानं घाम, घामानं अंघोळ. लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय आणि आपण अंघोळी करायच्या? समाजाचा विचार करून व्यायाम मनातल्या मनात.

२५ एप्रिल
गंगम्माच्या पाठीत उसण भरली. तिला व्यायामाचं महत्त्व समजावलं. ती शेक घेऊन टँकरला गेली.

१ मे, दुपार
चढलो! स्वतः. ईश्वरप्पाचा फक्त खांदा वापरला. ‘बंधूंनो, जिल्हा झाला की...’ म्हणालो आणि टँकरचा हॉर्न वाजला. मैदान रिकामं. ईश्वरप्पाही पळाला. ट्रॅक्टरवालाही.

उतरायला एक पाय खाली सोडला. जमीन लागेना. पाय परत वर येईना.

भरला हंडा घेऊन गंगम्मा आली. हंडा खाली ठेवला, मला काखेत धरून उतरवलं. म्हणाली, पोतं बरं, ते कण्हत तरी न्हाई.

मग हंडा उचलायला वाकली ती तशीच खाली बसली. हात पाठीवर. डोळ्यांत पाणी. मी हंड्याला हात घातला. जोर लावला. हंडा हलला न्हाई. पुन्हा लावला. मग तिच्याशेजारी बसलो. ऊन लई होतं.

शेवटी ईश्वरप्पानं हंडा घरी पोचवला.

२ मे, सकाळी
गंगम्मा झोपून. कळशी घेऊन मी टँकरला. पूर्ण भरली. घरी पोचेपर्यंत निम्मी, बाकीची अंगावर. गंगम्मा म्हणाली, सदरा मोरीत पिळू नका, दारातल्या मोगऱ्यावर पिळा.