दोन खांद्यांवर दोन शहरं

प्रिय बाहुले,

अखेर कुठलं शहर ते एकदाचं सांगून टाक, वरच्या खोल्या मी किती दिवस अडवून ठेवू, असं तू फोनवर म्हणालीस, आणि बरीच चिडून म्हणालीस. सांगते गं. पण फोनवर नाही. फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस, नाहीतर तुझ्या लॉजवर कुणी पाहुणा उगवतो आणि परक्या माणसाशी माझी बहीण किती गोड बोलते ते मी इकडे फोन कानाला लावून ऐकत बसते. पत्राचं तसं नसतं. तेव्हा पाहुण्यांना ताटकळू दे जरा, खुर्ची ओढून बैस आणि ताईचं सगळं ऐकून घे.

हा देश सोडायचा हे तर ठरलेलंच होतं. तुझ्या भावोजींचा उजवा हात तू पाहिलासच. ज्या थंडीवर आमचं कोटांचं दुकान चाललं, त्याच थंडीनं त्यांची बोटं खाल्ली. कात्री मिटत नाही. गेल्या हिवाळ्यात एका वकिलाच्या कोटाची कॉलर त्यांच्या हातून तिरकी कापली गेली, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि हा माणूस स्टुलावर बसून त्या कापडाकडे असा बघत राहिला की मला दुकानाचं दार आतून लावून घ्यावं लागलं. डॉक्टरांनी हात टेकले. औषध नाही म्हणाले, ऊबदार देशात जा. आम्हाला आधी हसूच आलं. गरम हवेत कोटवाला म्हणजे टकल्यांच्या गावात न्हावी. पण जायचं तर तुझ्याच देशात, आणि तिथंही आमची सोय लागेल अशी दोनच शहरं. एक तुझं समुद्रकाठचं, आणि दुसरं आत डोंगरातलं, जिथं भावोजींच्या एका जुन्या कारागिरानं दुकानासाठी गाळा बघून ठेवला होता.

आधी तुझ्याकडे आलो. बाहुले, तेव्हा तुला सांगितलं नाही, आता सांगते, मी त्या समुद्राच्या प्रेमात पडले. या वयात, चपला हातात घेऊन, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी होते आणि मला तिथून हलवेना. आणि भावोजी! राहायला आल्यावर थोड्याच दिवसांनी तुझ्या गच्चीवर त्यांनी चहाचा कप एका हातानं उचलला. मूठ मिटली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि दृष्ट लागेल म्हणून दोघंही काही बोललो नाही. मग तू वरच्या खोल्या दाखवल्यास. एक आमची. दुसरीत शिलाई मशीन मांडलेलं आणि शेजारी लॉजच्या चादरींचा ढीग, कडा शिवायच्या राहिलेल्या. हौसच म्हणायची तुझी, बहीण यायच्या आधीच तिचं काम येऊन बसलं होतं. तिसरी खोली नव्हती. आई कुठे राहील विचारलं तर म्हणालीस, समुद्राची दमट हवा तिच्या छातीला सोसणार नाही, त्यापेक्षा तुमच्याच गावात एक छान वृद्धाश्रम आहे, बागबिग आहे, मी सगळी चौकशी केलीये. परत आल्यावर मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. त्या हवेनं तिला उलट बरंच वाटेल म्हणाले. पण तू पुढे म्हणालीस की ताई, तू किती केलंस तिचं, आता सुटायला हवंस. एवढं आजवर मला कुणीही म्हटलं नव्हतं. तू म्हटलंस, आणि म्हणताना तुझ्या दोन्ही हातांत चादरी होत्या.

मग डोंगरातलं शहर पाहिलं. दुपारी भाजून निघावं आणि ऊन गेलं की अंग आखडावं असलं हवामान. पाणी एक दिवसाआड. धूळ इतकी की सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं. शहर बघायला गेलेला माणूस बाजार बघतो, घरभाडी विचारतो. आमचे हे चौकातल्या बाकावर जाऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे बघत राहिले, उठेचनात. या शहरात संध्याकाळी जो तो कोट घालतो आणि एकाचाही कोट खांद्यात बसत नाही, हे मला सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. उजवा हात मात्र खिशात होता. मुक्कामी आल्यावर त्यांच्या शर्टाची बटणं मी काढून दिली.

तेव्हा निवड अगदी सोपी होती. परतीच्या प्रवासात मीच म्हटलं, समुद्र. चादरी तर चादरी, शिवीन. आईलाही घेऊन जायचं, एकदा दारात उभी राहिली की बाहुली काय तिला हाकलून देणार आहे? भावोजींनी कोटांवर पाणी सोडलं आणि मान डोलावली. बिचाऱ्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

आता आईचं सांगते, कारण तुझ्या फोनवर येते ती आई वेगळी. तुझा फोन यायचा असला की ती केस विंचरून घेते, दात बसवते, घसा साफ करते. तुझ्याशी बोलणारी ती मधाळ म्हातारी फोन ठेवला की घरातून निघून जाते. माझ्या वाट्याला उरते ती दुसरी. माझे हात म्हणजे किसणी, माझं चालणं म्हणजे घोडा, मी केलेलं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तू देश सोडलास तेव्हा तिनं तुझ्यासाठी भारीतल्या भारी लोकरीचा कोट शिवून घेतला, उन्हात निघालेल्या मुलीसाठी, आणि त्याची काजं स्वतः केली. इथं बर्फात राहणाऱ्या मला बाबांचा जुना कोट उसवून, आतली बाजू बाहेर करून मिळाला. तुझा तो कोट तुझ्या लॉजच्या कुत्र्याखाली अंथरलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आईला सांगितलं नाही. काय उपयोग, तिनं म्हटलं असतं, बघ माझ्या बाहुलीला मुक्या जनावराचीही किती माया. एकदा मी तिच्यासाठी शाल आणली तर टोचते म्हणून तिनं कोपऱ्यात फेकली. पुढच्या आठवड्यात तीच शाल कागदात गुंडाळून बाहुलीनं पाठवलीये म्हणून दिली, तर गालाला लावून बसली. तेव्हापासून मी शहाणी झाले. या घरात जे येतं ते तू पाठवतेस. उशी तू पाठवलीस, पायमोजे तू पाठवलेस, छातीच्या गोळ्यासुद्धा तूच पाठवतेस, नाहीतर ती थुंकून टाकते. तू इतकी मायाळू आहेस हे तुला ठाऊकच नव्हतं ना? आमच्या साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

दुकानात आमची एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाला दोन कापडांतलं एक ठरवता येईना की भावोजी दोन्ही कापडं त्याच्या दोन खांद्यांवर टाकतात, त्याला आरशासमोर उभं करतात आणि गप्प बसतात. तोंडानं माणूस काहीही बोलत असो, थोड्या वेळानं त्याचा हात एका कापडाकडे जातोच. मग दुसऱ्याची घडी करून फळीवर ठेवायची, विषय संपला. आम्ही परतलो तेव्हा आईला बातमी कशी द्यावी ते मला सुचेना, म्हणून भावोजींनी गंमत केली. तिला आरशासमोर खुर्चीत बसवलं. डाव्या खांद्यावर पातळ सुती कापड टाकलं, हे समुद्राचं शहर, इथं बाहुली आहे. उजव्या खांद्यावर हलकी लोकर, हे डोंगरातलं, इथं कुणी नाही. ती काय धरणार हे आम्हाला ठाऊकच होतं, आणि आम्हालाही तेच हवं होतं. तिनं सुती कापड दोन्ही हातांनी छातीशी धरलं. इथवर ठीक. मग तिनं दुसऱ्या खांद्यावरची लोकर ओढून काढली, माझ्या अंगावर फेकली आणि म्हणाली, हे घे तुला, तू तिकडे जा, मरेपर्यंत काय तुझंच तोंड बघायचं?

भावोजी हसले, म्हातारीची चेष्टा म्हणून. मी लोकरीची घडी करत उभी राहिले. मला रडू आलं नाही, राग आला, कानशिलं तापेपर्यंत राग आला. आणि त्या रागातच मला गेल्या वर्षीचं इस्पितळ आठवलं.

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या मास्तरीणबाईंनी आईला सांभाळलं होतं. मी घरी आले तर बाईंनी मला जिन्यातच गाठलं. नशीबवान आहात हो, म्हणाल्या, तुमच्या आई सारखं तुमचंच कौतुक करत होत्या. माझी थोरली म्हणजे सोनं, तिच्या हाताला गुण आहे, तिच्या हातच्या सुपाशिवाय मला घास उतरत नाही, कधी येणार हो माझी थोरली. बाहुले, टाके ओले होते तरी उरलेला जिना मी धावत चढले. आईनं मान वर केली, मला बघितलं आणि म्हणाली, आलीस? दार लाव, गार वारा येतोय. तेव्हा मला वाटलं होतं, बाईंनी माझं मन राखायला थापा मारल्या. आरशासमोर ती लोकर हातात घेऊन उभी असताना कळलं, त्या खरंच बोलत होत्या. बाबा होते तोवर आईनं त्यांना एक घास सुखाचा खाऊ दिला नाही, आणि गेल्यावर ते देवमाणूस झाले. आपल्या आईला जवळचं माणूस सोसत नाही, तिची माया फक्त लांबच्यावर बसते. तूच तिची लाडकी का, हे कोडं मला जन्मभर पडलं होतं. उत्तर एवढंच होतं की तू इथं नव्हतीस.

म्हणून डोंगरातलं शहर. भावोजींना वाटतंय मी त्यांच्या कोटांसाठी समुद्र सोडला. आनंदानं बिचारे मापाची टेप गळ्यात अडकवूनच हिंडतायत. वाटू दे. तिथं रोज संध्याकाळी त्यांची बोटं आखडतील, मी बटणं काढून देईन, आणि काही वर्षांत त्यांची कात्री पुन्हा मिटेनाशी होईल. हे मला स्पष्ट दिसतंय आणि तरी मी जाते आहे. तुझ्या चादरींसाठी दुसरी बाई बघ.

आता मान वर कर आणि समोर बघ. हे पत्र मी आईच्या पिशवीत सगळ्यांत वर ठेवलं होतं, म्हणजे ती तुझ्यासमोरच बसलेली असणार, केस विंचरलेले, दात बसवलेले. विमानतळावर तू तिच्या मागे आम्हा दोघांना शोधलं असशील. शोधू नकोस. शेवटच्या फोनवर मी विमान कधी उतरतं तेवढंच सांगितलं होतं, कोण उतरतं ते तू विचारलंच नाहीस, चादरींच्या आनंदात फोन ठेवलास. तिला तुझ्या देशात, तुझ्याच घरी राहायची सरकारी परवानगी तूच मागे मिळवून ठेवली होतीस, ती कधी येणार नाही या खात्रीनं, आणि फोनवर तिला ते सांगून केवढं कौतुक करून घेतलं होतंस. इथलं घर आणि दुकान विकलं आहे, तेव्हा परत पाठवायला पत्ता नाही. पहिले काही दिवस ती तुला डोक्यावर घेईल. मग तुझे हात किसणी होतील आणि तुझं चालणं घोडा. गोळ्या थुंकायला लागली की ताईनं पाठवल्यात म्हण, गिळेल. तुझ्या पाहुण्यांना धरून धरून ती माझं कौतुक सांगेल. तेच मला हवंय, बाहुले. एवढी वर्षं तुला फुकट मिळालं ते मरायच्या आधी मलाही थोडं मिळू दे. मी तिला भेटायला येणार नाही, मी आले की ते थांबेल. डोंगरातला पत्ता पाकिटावर आहे. ती माझ्याबद्दल जे जे बोलेल ते कळवत जा, आपल्या मनानं काही गाळू नकोस. फोनवर मात्र सांगू नकोस, लिहूनच पाठव. मला ते पुन्हा पुन्हा वाचायचंय.

तुझीच,
ताई