अकरा वाजताचे वक्ते

ऐरोली, नवी मुंबई
१७ फेब्रुवारी १९९८

प्रिय गीतांजली,

सप्रेम नमस्कार. पुण्यात मावशींकडे रुळली असशील. कारखान्यातलं ट्रेनिंग कसं चाललंय? इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा जास्त दुखतोय, पण ती काही औषध घेत नाही. आमच्या सोसायटीत एकदाचं पाणी दोन वेळा यायला लागलं.

आपली परिषद शनिवारी पार पडली. चौदा कॉलेजांतून अडीचशेच्या वर मुलं आली. हॉल पुरेना म्हणून काही जण जिन्यावर बसले. विद्यार्थ्यांनी स्वतः भरवलेली डिझाइनची परिषद म्हणून नंदकिशोर सरसुद्धा खूश होते. स्टेजच्या मागे बॅनर होता : ‘वस्तू बनवण्याआधी ती वापरणारा माणूस बघा.’ वाक्य तुझं होतं. खाली तुझं नाव नव्हतं. ते मीच घातलं नाही.

आपल्या वर्गातल्या पार्थची ढकलगाडी सगळ्यांना आवडली. मार्केटमधल्या गोण्या वाहायला तीन चाकांची, ब्रेक असलेली. तुला आठवत असेल, तू इथे होतीस तेव्हा नुसतं चित्र होतं.

हे सगळं तुला फोनवरही सांगता आलं असतं. दोनदा बूथवर जाऊन परत आले. जे सांगायचंय ते लिहिल्याशिवाय जमणार नाही.

शनिवारी साडेदहाला मी गेटवर बॅज वाटत होते. एक गृहस्थ आले. पांढरा धुतलेला सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. तुझं अक्षर मी लगेच ओळखलं. ‘वक्ते : श्री. सयाजी भोइटे, माथाडी कामगार, अनुभव बावीस वर्षं. वेळ : सकाळी अकरा.’

“गीतांजलीनं धाडलंय,” ते म्हणाले. “मी तिचा बाप.”

गीता, मला माहीत नव्हतं गं. आडनाव एकच, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. आणि हे लिहितानाच कळतंय की ते काही कारण होत नाही. डिसेंबरातल्या मीटिंगमध्ये मी ते नाव खोडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आपण परिषद भरवतोय, हमालांची सभा नाही.” तू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होतीस. कागद गोळा केलेस आणि गेलीस. मी समजले, तुझी आयडिया पडली म्हणून रुसलीस. कार्ड तू त्यांना आधीच दिलं असशील, आणि मग ‘येऊ नका’ म्हणवलं नसेल. ते वडील दुसऱ्या कुणाचे असते, तरी माझं वाक्य तेच असतं. मला त्याचीच लाज वाटते.

आता जे सांगते, ते तुझ्या आबांनी तुला सांगितलं नसणार.

मी त्यांना खोटं सांगितलं. “काका, थोडा उशीर आहे, बसा.” आणि हॉलबाहेरच्या बाकावर बसवलं. अकराची वेळ आम्ही एका कंपनीच्या मॅनेजरना दिली होती. मला वाटलं, हे कंटाळून जातील. चहा पाठवला, पण स्वतः गेले नाही. दाराच्या काचेतून दोनदा बघितलं. पिशवी मांडीवर घेऊन ते ताठ बसले होते. बारा वाजून गेले तेव्हा उठून माझ्यापाशी आले.

“ताई, टोळीतल्या गड्यांनी माझी आजची पाळी वाटून घेतलीय. दोनला मला परत जायला लागंल. तवर हुईल न्हवं?”

आवाजात तक्रार नव्हती. मी आत गेले, माईक घेतला आणि म्हणाले, “जेवणाआधी एक वक्ते राहिलेत.” कमिटीतले सगळे माझ्याकडे बघत राहिले.

आबा स्टेजवर आले. माईकला हातही लावला नाही. “एक भरलेली गोनी मिळंल का?” एवढंच विचारलं. कॅन्टीनमधून तांदळाची शंभर किलोची गोणी चौघांनी ओढत आणली. त्यांनी पिशवीतून गोणी ओढायचा लोखंडी आकडा काढला, पाठीवर गोणपाट टाकलं आणि पार्थला आणि त्याच्या मित्राला बोलावलं.

“गोनीचं पोट नका धरू, कोपऱ्याचं कान धरा. श्वास सोडताना उचला. आता!”

गोणी त्यांच्या पाठीवर गेली. ते स्टेजच्या पाच पायऱ्या उतरले, पुन्हा चढले. प्रत्येक पायरीवर आधी टाच, मग पंजा. पाय एकदाही लटपटला नाही. तीन वर्षं आपण वजन, तोल, केंद्रबिंदू शिकतोय. मी ते सगळं एका माणसाच्या पाठीवर चालताना पाहिलं.

गोणी उतरवून त्यांनी पार्थच्या गाडीवरून हात फिरवला. “गाडी झकास हाय. पन गोनी हिच्यावर ठेवनार कोन?”

पार्थ खाली वाकून चाकं बघायला लागला.

“चालताना आमचं काय जात न्हाई. कंबर जाती ती उचलताना. तुमी चाकं दिली, ती चालायला. उचलायचं तसंच ऱ्हायलं.” मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, “आनि एक इचारू? ही गोनी शंभर किलोचीच का? कुनी ठरवलं? ठरवनाऱ्यानं मानूस मापला व्हता का?”

आम्ही चार महिने गाडीची चाकं मोजत होतो. गोणी शंभरचीच का, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता.

नंदकिशोर सर उभे राहिले. “तुम्ही ठरवलं असतं तर किती ठेवली असती?”

आबा त्यांच्याकडे वळले. “बावीस वर्सांत हे पयल्यांदा कुनी इचारलं,” ते म्हणाले. “पन्नास. खेपा जादा पडतील, पन मानूस साठीपतुर उभा ऱ्हाईल.”

आधी कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. सगळे नुसते उठून उभे राहिले. मीसुद्धा.

नंतर त्यांना सोडायला गेटपर्यंत गेले. तिथे सगळं कबूल केलं. नाव मी खोडलं, बाकावर मुद्दाम बसवलं, सगळं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला आलो तवाच कळलं. फळ्यावर समद्यांची नावं व्हती, माझं नव्हतं.”

“मग थांबलात कशाला, काका?”

“गीतीनं बोलावलं व्हतं. तसाच परत गेलो आसतो तर तिला काय सांगनार व्हतो?”

मला तिथेच रडू आलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि रस्ता ओलांडून गेले.

काल आम्ही सहा जण त्यांच्यासोबत तुर्भ्याला मार्केटमध्ये गेलो. सकाळभर नुसतं बघितलं, वहीत लिहिलं, काही सुचवलं नाही. पार्थने गाडीचं चित्र बाजूला ठेवलंय. मार्केटच्या या पाहणीचा अहवाल लिहितोय; त्याचं पहिलं पान रिकामं आहे. तिथे तुझं नाव आणि आबांचं नाव यायला हवं, पण तुला विचारल्याशिवाय मी ते लिहिणार नाही. तुझं उत्तर नाही आलं, तरी मी समजून घेईन.

गीता, कुणाला तरी आपण ‘वापरणारा माणूस’ म्हणतो, तेव्हा तो कुणाचा तरी बाप असतो, एवढंसं मला कळायला तो हॉल लागला. मावशींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझी मैत्रीण म्हणवून घ्यायची परवानगी मागणारी,
वैदेही